परत ठेवण्याची मुभा

“परत नेऊन ठेवू का तुला तिथं?”

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मगच ते त्याला ऐकू आलं. जेवणाच्या टेबलावर ओला टॉवेल पसरलेला होता. त्यावर त्याच्या चष्म्याच्या दुकानातून घरी आणलेल्या, डोळे तपासायच्या पेटीतली सगळी भिंगं, जवळची, लांबची, जाड, पातळ, एकमेकांत मिसळून निथळत पडली होती. ताई बाह्या कोपरापर्यंत सारून शेवटची चारदोन भिंगं पुसत होती. तो दारातून आत आला तेव्हा ती कौतुकाने म्हणाली होती, “छोट्या, किती बोटांचे डाग होते रे यांच्यावर! लोकांना दिसत तरी कसं होतं?” खरं म्हणजे प्रत्येक भिंगाच्या कडीवर नंबर कोरलेला होता, आणि ती सगळी पुन्हा खाचांत लावायला अर्धा तास पुरला असता. हे त्याला त्याच क्षणी कळलंही होतं. पण सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक डोकं खाऊन गेलं होतं, पायात नवा बूट चावत होता, आणि कितीतरी दिवसांपासून घशाशी काहीतरी येऊन बसलं होतं, त्याला तेवढंच निमित्त मिळालं. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. ताईने हातातलं भिंग पुसून पूर्ण केलं, उजेडाकडे धरून पाहिलं, इतरांशेजारी ठेवलं. मग हात टॉवेलच्या कोपऱ्याला पुसून ती आतल्या खोलीत गेली.

त्याला वाटलं, रडेल. रडली तर जवळ जाता येईल, ‘चुकलो’ म्हणता येईल, असंही वाटलं. पण आतून रडण्याचा आवाज आला नाही. खण उघडल्याचा आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती बूट घालून. हातात कापडी पिशवी होती, अंगावर तिथून येताना घातलेला करडा स्वेटर होता. दाराशेजारच्या खुर्चीवर ती गुडघे जुळवून बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, “चल.”

“अगं ताई, काहीतरीच काय! रागाच्या भरात बोललो मी.”

“रागात बोललास, पण बोललास ते खोटं नाही ना? ठेवता येतं ना तुला?”

त्याने टॉवेलवरचं एक भिंग उचललं, परत ठेवलं.

“येतं की नाही?”

“येतं,” तो म्हणाला.

“मग झालं तर.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बस किती वाजता सुटते ते विचारून खात्री करून घ्यावी, तसं तिने विचारलं होतं. “डॉक्टरचा कागद लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. आम्हाला सगळं पाठ आहे. एक बाई परत आली होती, जास्त जेवते म्हणून. एकीने कप फोडला. एकीनं तर काहीच केलं नव्हतं, त्यांच्या घरी पाहुणे यायचे होते.” आणि मग जरा थांबून, “अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं. फाटक बंद झालं की वॉर्डातली बाई चिडते.”

त्याला कायद्याचा तो भाग पाठ नव्हता, पण अर्थ पक्का माहीत होता. वेड्यांच्या दवाखान्याच्या अधीक्षकांनी त्याला समोर बसवून समजावून सांगितला होता. त्या खोलीला फिनेलचा वास होता आणि खिडकीच्या जाळीत एक मेलेली माशी अडकली होती. नवा कायदा आलाय, अधीक्षक म्हणाले, दवाखाना माणसांनी फुटायला आलाय, तेव्हा जी माणसं वर्षानुवर्षं शांत आहेत त्यांना जवळच्या नातेवाइकाकडे सहा महिने आजमावून बघायला पाठवायचं. या सहा महिन्यांत कुठल्याही दिवशी, काहीही न सांगता, नातेवाइकाला माणूस परत आणून ठेवायची मुभा. सहा महिने निभले तर दंडाधिकाऱ्यांसमोर दोघांनी जायचं, ते दोघांनाही विचारतील, आणि सुटका. “अगदी माणुसकीचा कायदा आहे,” अधीक्षक म्हणाले होते, आणि ‘मुभा’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला होता, जणू पावसापाण्याला सोबत छत्री असू द्या म्हणताहेत. त्यालाही तेव्हा तो शब्द छत्रीसारखाच वाटला होता. घरी जाताना तो बायकोला म्हणाला होता, काळजी करू नकोस, तशी सोय आहे.

पण त्याच्याही आधी एक कायदा होता, आणि त्याची आठवण आली की त्याला मान खाली घालावीशी वाटे. जुना कायदा साधा होता: ज्याच्या अर्जावरून माणूस आत गेला, त्याने मागितलं तर बाहेर सोडायचं, तो मेला तर पुढचा हक्क सर्वांत जवळच्या रक्ताच्या माणसाचा. ताईला आत ठेवलं ते वडिलांनी. आई गेल्यावर ती बोलेनाशी झाली होती, भर दुपारी अनवाणी रस्त्यावर जाऊन उभी राहायची, हाक मारली तर ओळख नसल्यासारखी बघायची. वडील चारचौघांत मान ताठ ठेवून चालणारे गृहस्थ. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. ताई गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि संध्याकाळी आला तर तिच्या पलंगावरची गादी उभी करून ठेवलेली. वडिलांनी तिला नंतर कधी मागितलं नाही. वडील गेले त्या वर्षी अधीक्षकांनीच त्याला बोलावून सांगितलं होतं, तुमची बहीण आता तशी ठीक आहे हो, तुम्ही म्हणत असाल तर. तो म्हणाला, म्हणतो ना. एवढं दुकानाचं बस्तान बसू दे. मग लग्न झालं. नव्या बायकोसमोर एकदम कसं सांगायचं? मग घर बदललं. मग बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला, ते दिवस तर कशाचेच नव्हते. दरवेळी कारण खरं होतं. खोटं कारण सांगायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही, आणि हेच त्याला पुढे सगळ्यात भयंकर वाटू लागलं. एका ‘हो’साठी एक माणूस तिकडे बसून होतं, आणि हा इकडे रोज शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी, भाजीवाल्याशी दिवसभर हो हो करत होता.

सहा महिन्यांसाठी ती घरी आली त्या दिवशी त्याने पहिलं काम काय केलं, तर तिला दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि तिचे डोळे तपासले. तिला लहानपणापासून लांबचं दिसत नसे. तिथं काच चालत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचा चष्मा घरी परत आला होता. कितीतरी दिवस तो वडिलांच्या खणात पडून होता, आणि तो शाळकरी वयात गुपचूप डोळ्यांना लावून बघायचा तर त्यातून जग लहान लहान, लांब गेलेलं दिसायचं. या धंद्याची गोडी त्याला कदाचित तिथूनच लागली. निम्म्या शहराच्या नाकावर त्याने चष्मे चढवले, आणि ती एवढी वर्षं पाच हातांपलीकडच्या धुक्यात बसून होती, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. येत असे, आणि तो दुसऱ्या कामाला लागत असे. “हे स्पष्ट, की हे?” त्याने भिंग बदलत विचारलं. तिने समोरच्या अक्षरांऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू सांगशील ते.” तो हसला, म्हणाला, “अगं, मला कसं कळणार? डोळे तुझे आहेत.” तेव्हा ती गोंधळली. खुर्चीच्या हातावरची तिची बोटं पांढरी पडली. परीक्षा चालली आहे आणि एक उत्तर चुकलं तर रवानगी, असं तिला वाटत होतं हे त्याला त्या वेळी समजलं नाही; आज, ती दाराशी पिशवी घेऊन बसली तेव्हा समजलं.

बायकोनेच शेवटी वेळ निभावून नेली. ती बाहेर आली, मटाराच्या शेंगांची परडी ताईच्या मांडीवरच्या पिशवीवर ठेवली आणि म्हणाली, “ताई, एवढे सोलून द्या ना. माझी नखं दुखतात.” ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग तिने शेंगा सोलल्या, बूट न काढता. अंधार पडला. फाटक बंद व्हायची वेळ टळून गेली, तेव्हा ती उठून आत गेली. पिशवी मात्र तिने पुन्हा उपसली नाही. ती पलंगाखाली भरलेलीच राहिली, आणि रोज लागणारे कपडे ती त्यातून काढी, धुऊन वाळवून त्यातच घडी घालून ठेवी.

त्या दिवसापासून ती घरात आदर्श वागू लागली. याच्याइतकी मोठी शिक्षा त्याला दुसरी कुणी देऊ शकलं नसतं. आधीचे महिने ती निदान चुका तरी करत होती: नळ सोडून ठेवायची, दुपारी सगळ्या खिडक्या उघडायची, त्याच्या बोलण्यात मध्येच बोलायची, एकदा तर शेजारणीला तोंडावर म्हणाली होती की तुमचा आवाज फार चिरका आहे, आणि तो आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसला होता. आता ती विचारून पाणी प्यायची. “मी जरा पाणी घेऊ का?” दिवा लावू का, खुर्ची इकडे घेऊ का, खोकला येतोय तर बाहेर जाऊन खोकू का. तो म्हणे, “ताई, घर तुझंच आहे गं.” ती म्हणे, “हो हो.” त्याने अनेक प्रकारे माफी मागून पाहिली. गोड आणलं, नवा स्वेटर आणला, एकदा तिच्यासमोर बसून सरळ म्हणाला, “मी ते बोलायला नको होतं. मी तुला कधीही ठेवणार नाही.” ती शांतपणे म्हणाली, “तू चांगला आहेस रे. पण ते तुझ्या हातात आहे, आणि तुझा हात कसा चालेल ते तुला तरी कुठं माहीत आहे?” ती म्हणाली ते खरं होतं. कारण दुकानात उभ्या उभ्या, कुणाच्या कानामागची काडी वाकवताना, त्याच्या मनात खरोखर हिशेब चाले: किती आठवडे उरले? आणि ते आठवडे ती सुटायचे मोजतो आहे की मुभा संपायचे, याचा त्याला पत्ता लागत नसे. मुभा संपली की मग ती कायमची. मग जन्मभर तो करडा स्वेटर, ते ‘घेऊ का’, आणि ते हो हो. हा विचार आला की त्याचा हात गिऱ्हाइकाच्या कानामागे जरा जास्तच दाबला जाई.

कोपऱ्यावर एक लाँड्री होती. लाँड्रीवाली जाडजूड, एकटी, तोंडाने फटकळ. तिची कामाला ठेवलेली मुलगी लग्न करून निघून गेली होती. बायकोने ताईला चादरी द्यायला पाठवलं, आणि ताई दोन तासांनी परत आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मी लाँड्रीत जाऊ का?” दवाखान्यात असताना ती धुलाईच्या खोलीतच काम करत असे. मग रोजच जाऊ लागली. एकदा दुपारी तो जेवायला घरी येत होता, तर लाँड्रीच्या वाफेने भरलेल्या काचेतून आवाज आला. चढा, भांडखोर, अगदी घरगुती आवाज. तो थबकला. आत ताई कमरेवर हात ठेवून लाँड्रीवालीला सांगत होती, “असा स्टार्च घालतात का? अहो, कॉलर आहे की पत्रा?” आणि लाँड्रीवाली म्हणत होती, “बरं बरं, शहाणी आहेस! इस्त्री तापली का ते बघ आधी.” आणि ताईने काहीही न विचारता जाऊन इस्त्री उचलली. तो फुटपाथवर उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, बोचरं, पोरकट: माझ्याशी का नाही भांडत? आपण तिला दिसू नये म्हणून तो लगबगीने पुढे निघाला, आणि जेवताना बायकोने विचारलं तर म्हणाला, काही नाही, ऊन लागलं.

दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत जायच्या दिवशी तिने पिशवी बरोबर घेतली. “ती कशाला?” त्याने विचारलं. “कुठं जावं लागेल ते माहीत नाही ना,” ती म्हणाली. बाकावर त्यांच्याआधी एक म्हातारी आणि तिचा जावई बसले होते. जावई सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि म्हातारी त्याच्या बाहीवरचा न दिसणारा कचरा झटकत होती. दंडाधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. रुमाल एका हातात, शिक्का दुसऱ्या हातात, माणूस वाईट नव्हता. नुसता थकलेला होता. त्यांनी विचारलं, “बहिणीला कायमचं ठेवून घ्यायची तयारी आहे?” तो म्हणाला, “हो.” एवढी वर्षं अडून राहिलेला तो शब्द इतका सहज निघाला की त्याला स्वतःचीच चीड आली. मग दंडाधिकारी ताईकडे वळले. “आणि बाई, तुम्हाला यांच्याकडे राहायचंय ना?”

“नाही,” ताई म्हणाली.

कारकुनाने मान वर केली.

“मग परत दवाखान्यात जायचंय?”

“नाही.”

दंडाधिकाऱ्यांनी नाक पुसलं. “बाई, तिसरं काही कायद्यात नाही. नातेवाइकाच्या हाती, नाहीतर दवाखाना. सुटका म्हणजे कुणाच्या तरी हवाली सुटका.”

“लाँड्रीत माळ्यावर खोली आहे. मी काम करते तिथं. ती राहा म्हणते.”

“ती लाँड्रीवाली तुमची कोण?”

ताईने विचार केला. प्रश्न तिने मनावर घेतला होता. त्याचं खरं उत्तर तिला द्यायचं होतं. “कोणी नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर.”

दंडाधिकारी त्याच्याकडे बघू लागले, तक्रार करावी तसे. शिक्का उचललेला होता आणि कुठे टेकवावा ते त्यांना कळत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. तो गप्प राहिला तर ताईच्या ‘नाही’मुळे, तिच्या सगळ्यात शहाण्या, सगळ्यात सरळ शब्दामुळे, तिला परत पाठवतील; नाहीतर त्याने तो शब्दच खोटा पाडायचा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पुढे झाला, टेबलाच्या कडेला हात टेकून, पुरुषापुरुषांत बोलतात तशा समजुतीच्या आवाजात म्हणाला, “साहेब, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. कचेरीत येऊन बावरलीय. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच कळत नाही. ती माझ्याकडेच राहील.”

“असं होय,” दंडाधिकारी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. शिक्का बसला. एवढी वर्षं ज्याला कुणाला काही अडचण आली, त्याने हेच म्हटलं असणार: वडिलांनी ताईला आत ठेवताना डॉक्टरांसमोर याच आवाजात, असंच टेबलाला टेकून. आवाज वडिलांचाच होता. त्याला तो आपल्या छातीत थरथरताना जाणवला. आणि म्हातारीचा जावई बाहेर बाकावर ज्या आवाजात म्हणाला होता, ‘चला आता,’ तोही हाच.

बाहेरच्या बोळात ताई भिंतीच्या कडेने चालत होती, पिशवी छातीशी धरून. तिचा चेहरा बंद झाला होता. जिन्याशी आल्यावर ती म्हणाली, “घरी जायचं ना आता?”

“नाही,” तो म्हणाला. “लाँड्रीत जा तू. तिथंच राहा. कोणी बघायला येत नाही. आलं तर मी म्हणेन, आत्ताच बाहेर गेलीय.”

ती थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तिने त्याचा हातही धरला नाही. तिने नुसतं सगळं जुळवून पाहिलं, टेबल, शिक्का, त्याचं बोलणं, आणि मान हलवली.

“मला काय कळत नाही असं म्हणावंच लागलं का रे?”

“त्याशिवाय सोडलं नसतं तुला.”

“हो,” ती म्हणाली. “ते कळलं मला.” मग दोन पायऱ्या उतरून, पाठमोरीच, “पण तू फार छान म्हणालास. अडखळला नाहीस.”

कोपऱ्यापर्यंत ती दोघं बरोबर चालली. लाँड्रीवाली दारातच उभी होती. “आलीस? चल, केवढं पडलंय आत,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे तिने गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. ताई आत गेली. आत जाता जाता वळून म्हणाली, “ये तू आता.” तो उभा राहिला असता, पण उभं राहायला काही कारण नव्हतं.

घरी तो जेवला, नेहमीपेक्षा जास्त जेवला. बायकोला त्याने सगळं सांगितलं, फक्त टेबलाला टेकून काय म्हणालो तेवढं सोडून. “बरं झालं, तिच्या मनासारखं झालं,” बायको म्हणाली, आणि तोही म्हणाला, हो, तिच्या मनासारखं झालं. मग तो जरा आडवा झाला तो असा झोपला की दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी जाग आली नाही. जागा झाला तेव्हा उन्हं तिरपी होऊन भिंतीवर चढली होती, अंग हलकं हलकं झालं होतं, आणि काही क्षण त्याला कशाचीच आठवण नव्हती. आतल्या खोलीतून सामान सरकवल्याचा आवाज येत होता. तो उठून गेला. बायकोने पलंग भिंतीला लावला होता, चादरी काढल्या होत्या, खिडकी सताड उघडली होती. “ते टेबल धरा ना तिकडून,” ती म्हणाली. दोघांनी मिळून टेबल खिडकीखाली नेलं. बायको मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून एकदा गोल फिरली आणि मुलीसारखी म्हणाली, “अगंबाई, केवढी मोठी झाली की हो खोली!”

आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि रिकाम्या जमिनीवर उन्हाचा एक मोठा चौकोन पडला होता. काहीतरी बोलायला हवं होतं, नाही म्हणायला हवं होतं.

“हो,” तो म्हणाला. “झाली खरी.” आणि खुर्ची उचलून त्याने टेबलाशी नीट लावली.